महागडे मनगटी घड्याळ निवडताना : खान्देशातील हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा अशा ठिकाणच्या घड्याळांच्या हौशी मंडळींनी निरनिराळ्या निमित्ताने विचारलेले आहेत. उत्तरे देणारा माणूस व्यापारी नाही, हौशीच आहे, त्यामुळे काही ठिकाणी त्याची आवडनिवड डोकावेल. उत्तरांचा रोख साधारण दोन ते दहा लाख रुपयांच्या घड्याळांवर आहे. कंपन्या किमती वरचेवर बदलत असल्याने नेमके भाव येथे दिलेले नाहीत.

पोलादी घड्याळाला लाखो रुपये मोजायचे, ते नेमके कशाचे?

जळगावच्या सराफ बाजारात ये-जा असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण आपण दागिना घेताना सोन्याचा भाव वेगळा धरतो, घडणावळ वेगळी धरतो आणि घडणावळ जास्त वाटली तर घासाघीसही करतो. घड्याळात हा हिशेब उलटा होतो. शंभर-सव्वाशे ग्रॅम पोलादाला भंगारात काहीच किंमत नाही. जे काही मोजायचे ते सगळे घडणावळीचे. या घडणावळीत यंत्राचा आराखडा, काट्यांची आणि तबकडीची हातकारागिरी, चाचण्या, कंपनीचे नाव, त्या नावाची जाहिरात, विक्रेत्याचा नफा, आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी हे सगळे येते. नावाचा वाटा मोठा असतो आणि तो मान्य करूनच पुढे जावे, कारण ते नाकारणारा ग्राहक पुढे जास्त दुखावतो.

मात्र कारागिरीचा वाटा डोळ्यांनी तपासता येतो. सराफ वापरतो ते दहापट दाखवणारे भिंग खिशात ठेवावे आणि काट्यांच्या कडा, आकड्यांच्या जागी बसवलेल्या पट्ट्यांचे कोपरे आणि तारखेच्या खिडकीची चौकट पाहावी. कडा स्वच्छ कापलेली आहे की रंगाखाली दडवलेली आहे, हे भिंगाखाली लगेच कळते. पन्नास हजारांचे आणि पाच लाखांचे घड्याळ शेजारी ठेवून एकदा असे पाहिले, की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. तबकडीवरच्या ‘स्विस मेड’ या शब्दांवरून मात्र एवढेच समजावे की, २०१७ पासूनच्या नियमानुसार त्या घड्याळाच्या निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला आहे.

सेलचे, चावीचे की ऑटोमॅटिक?

वेळ अचूक हवी एवढीच अपेक्षा असेल, तर सेलचे घड्याळ घ्यावे आणि त्याची लाज बाळगू नये. सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर स्फटिक कंपवून वेळ मोजणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि अचूकतेची स्पर्धा तिथेच संपली. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. यांत्रिक, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळातले मागेपुढे हेलकावणारे चक्र सहसा तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ ठोके देते. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते, तर चांगले यांत्रिक घड्याळ तेवढे तीन-चार दिवसांतही चुकू शकते.

तरीही हौशी माणूस यांत्रिक घड्याळाकडे वळतो, ते त्यातल्या स्प्रिंगच्या, दातेरी चाकांच्या आणि हेलकावणाऱ्या चक्राच्या चालत्या संसारासाठी. चावीच्या घड्याळाला रोज ठरावीक वेळी चावी द्यावी लागते. ऑटोमॅटिकमध्ये मनगटाच्या हालचालीने आतले वजन फिरते आणि स्प्रिंग भरत राहते. दोन-तीन घड्याळे आलटून पालटून वापरणार असाल, तर ऑटोमॅटिक घड्याळ पडून पडून थांबेल आणि दर वेळी तारीख लावावी लागेल. तारीख लावताना रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत काटे असतील, तर बऱ्याच यंत्रांत तारखेची चाके गुंतलेली असतात. काटे आधी सहावर आणावेत आणि मगच तारीख फिरवावी.

महागड्या क्वार्ट्झचीही एक वेगळी जात आहे. ग्रँड सेइकोचे ९एफ यंत्र दिवसातून ५४० वेळा तापमान मोजून स्वतःची चाल सुधारते आणि वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करता ही गोष्ट निव्वळ जाहिरातीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

निरनिराळ्या प्रमाणपत्रांना किती महत्त्व द्यावे?

थोडे द्यावे. कॉस्क या स्विस संस्थेच्या चाचणीत यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत तपासले जाते, आणि रोजची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांत असावी लागते. रोलेक्स स्वतःच्या पुढच्या तपासणीत हीच मर्यादा उणे दोन ते अधिक दोन सेकंदांवर आणते. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची चाचणी मेटास या स्विस शासकीय संस्थेच्या निकषांनुसार होते. तिथे घड्याळ रोज शून्य ते पाच सेकंद पुढे गेलेले चालते, मागे पडलेले चालत नाही, आणि १५,००० गॉसचे चुंबकीय क्षेत्र त्याला सोसावे लागते. हे आकडे नव्या घड्याळाचे असतात. पाच वर्षांनी तुमचे घड्याळ कसे चालेल, ते तुम्ही त्याला कसे वापरता आणि कोणाकडून उघडून घेता यावर जास्त अवलंबून राहील.

रोलेक्स डेटजस्ट, ओमेगा ॲक्वा टेरा आणि ग्रँड सेइको स्नोफ्लेक यांतले कोणते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याला एकच उत्तर नाही. तिन्ही घड्याळे ऑफिसात, लग्नात आणि प्रवासात शोभतात, तिन्ही रोज वापरता येतात, आणि तिन्हींचा स्वभाव मात्र वेगळा आहे.

डेटजस्ट १९४५ पासून बनत आहे आणि त्याचा चेहरा एवढ्या वर्षांत फारसा बदललेला नाही. आजच्या ३६ आणि ४१ मिलिमीटरच्या दोन्ही आकारांत ३२३५ हे यंत्र आहे, ते पूर्ण भरल्यावर सुमारे ७० तास चालते, आणि घड्याळ १०० मीटरपर्यंत जलरोधक आहे. मागचे झाकण बंद आहे, यंत्र दिसत नाही. ज्यांना आतली कारागिरी पाहायची आहे त्यांचा इथे हिरमोड होतो. पण बक्कलमध्ये सुमारे पाच मिलिमीटरने चेन सैल करण्याची सोय आहे, आणि डिसेंबरच्या सकाळी नीट बसणारी चेन मे महिन्याच्या दुपारी मनगट फुगल्यावर कशी रुतते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला ही छोटीशी सोय यंत्रापेक्षा मोठी वाटेल.

ॲक्वा टेरा यांत्रिकदृष्ट्या तिघांत सर्वांत निश्चिंत ठेवणारे घड्याळ आहे. त्यात इंग्लंडचे घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेली को-ॲक्सियल पद्धत आहे, जी ओमेगाने १९९९ मध्ये प्रथम बाजारात आणली. त्यात भागांचे एकमेकांवर घासणे कमी होते. चुंबकाची भीती नाही, १५० मीटरपर्यंत जलरोधक आहे आणि मागच्या काचेतून यंत्र दिसते. ४१ मिलिमीटरच्या आवृत्तीतील ८९०० यंत्रात तासकाटा एकेक तास पुढे-मागे सरकवता येतो, त्यामुळे मिनिटे न बिघडवता परदेशातली वेळ लावता येते. मात्र तारीखही त्याच काट्याने बदलावी लागते. ३८ मिलिमीटरच्या ८८०० यंत्रात तारीख वेगळी आणि झटपट लागते. ज्यांचे मूल दुबईला किंवा अमेरिकेला आहे ते पहिल्याकडे झुकतात, आणि ज्यांच्याकडे आधीच चार घड्याळे आहेत त्यांना दुसरे सोयीचे पडते.

स्नोफ्लेकची गोष्ट निराळी आहे. तिथे स्प्रिंगच घड्याळ चालवते, सेल नाही, पण चाल आवरण्याचे काम क्वार्ट्झ स्फटिकाच्या इशाऱ्यावर चालणारा चुंबकीय ब्रेक करतो. म्हणून अचूकता महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास मिळते आणि निळा सेकंदकाटा टिकटिक न करता पाण्यावरून सरकल्यासारखा फिरतो. तबकडीवर जपानच्या शिन्शू भागातल्या वाऱ्याने कोरलेल्या बर्फाचा पोत आहे. ज्याने तो बर्फ कधी पाहिला नाही अशा आपल्यासारख्यालाही ती तबकडी पाहत बसावेसे वाटते, आणि भुसावळच्या फलाटावर भर उन्हात ती पाहणे हा एक वेगळाच विनोद आहे. घड्याळ टायटॅनियमचे आहे, त्यामुळे पोलादापेक्षा पुष्कळ हलके लागते. पण बक्कलमध्ये बारीक समायोजन नाही, आणि पुन्हा विकायला गेलात तर आपल्या भागात त्याचे नाव ओळखणारा गिऱ्हाईक सहज सापडत नाही.

माझे स्वतःचे मन स्नोफ्लेककडे ओढते. एकच घड्याळ घेऊन ते वीस वर्षे घालायचे असे कोणी म्हणाले, तर मी त्याला ३६ मिलिमीटरचे डेटजस्ट सुचवतो. विहिरीवरची मोटर, वेल्डिंग किंवा मोठी स्पीकर-यंत्रणा यांच्याजवळ ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांनी ॲक्वा टेरा सोडून इतरत्र पाहू नये.

माझ्या मनगटाला कोणता आकार शोभेल?

फक्त व्यास पाहू नये. पट्टा जिथे जोडला जातो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या सपाट भागाबाहेर जाता कामा नये. जाडीही बघावी, कारण फुल बाहीच्या शर्टाखाली न सरकणारे घड्याळ शेवटी कपाटातच राहते. आरशात हात लांबून पाहावा. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत प्रत्येक घड्याळ मोठे दिसते.

आपल्याकडच्या उन्हाचा, घामाचा आणि धुळीचा परिणाम होतो का?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही शंका रास्त आहे. पण मनगटावरचे घड्याळ बऱ्याच अंशी शरीराच्या तापमानाला धरून राहते, त्यामुळे यंत्राला सहसा धोका नसतो. धोका असतो तो उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवण्यात. तिथे तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर चढते, जलरोधक रबरी कड्या कडक पडू लागतात आणि यंत्रातल्या तेलाचे आयुष्य घटते.

घामाचा खरा बळी चामड्याचा पट्टा असतो. मार्च ते जून रोज घातलेला चामडी पट्टा एका उन्हाळ्यातच वास मारू लागतो आणि आतून तडकतो. त्यामुळे चामड्याच्या पट्ट्यावरचे घड्याळ आवडलेच, तर त्याच खरेदीत एक रबरी किंवा कापडी पट्टा घ्यावा आणि चामडे दिवाळीनंतर बाहेर काढावे. धातूच्या चेनच्या कड्यांमध्ये घाम आणि धूळ मिळून काळा मळ साचतो. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने महिन्यातून एकदा धुतले तरी पुरते, अर्थात चावी (वेळ लावायची कडेची गुंडी) नीट बंद आहे हे पाहून.

रावेर-यावलकडच्या बागायतदारांसाठी एक वेगळी सूचना. केळीचा घड कापताना उडणारा चीक कपड्यांवरून जात नाही, तसा तो पट्ट्याच्या शिवणीतूनही जात नाही. कापणीच्या दिवशी घड्याळ घरी ठेवावे. ट्रॅक्टर चालवताना तासन्‌तास बसणारे हादरेही यांत्रिक घड्याळाला मानवत नाहीत; अशा कामाला सेलचे घड्याळ बरे.

‘१०० मीटर’ लिहिले असेल, तर विहिरीत पोहता येईल का?

येईल, पण हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष खोली नव्हे, तो चाचणीतल्या दाबाचा असतो. ३० मीटरचे घड्याळ हात धुण्यापुरते, ५० मीटरचे फार तर सावध पोहण्यापुरते आणि १०० मीटरचे नेहमीच्या पोहण्याला असे साधारण धरावे. काठावरून सूर मारताना पाण्याचा आघात वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे. चावी स्क्रूची असेल तर ती पूर्ण आवळलेली हवी. रबरी कड्या कालांतराने म्हाताऱ्या होतात, म्हणून नियमित पोहणाऱ्याने वर्षातून एकदा दाब तपासून घ्यावा.

चंद्रावर गेलेले घड्याळ घ्यावे का?

ओमेगा स्पीडमास्टर १९५७ पासून बनते, १९६५ मध्ये नासाने ते अंतराळवीरांसाठी योग्य ठरवले आणि १९६९ मध्ये ते बझ आल्ड्रिन यांच्या मनगटावर चंद्रावर पोहोचले. चावीचे आहे, तारीख नाही, जलरोधकता ५० मीटरची. त्याच्या इतिहासाचे वेड असेल तर जरूर घ्यावे. श्रावणातल्या झडीत एकुलते एक घड्याळ म्हणून घालण्याच्या दृष्टीने ते गैरसोयीचे आहे.

घड्याळ अचानक रोज काही मिनिटे पुढे जाऊ लागले, ते बिघडले का?

बहुतेक वेळा ते चुंबकाने पछाडलेले असते. चक्राची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावू लागते. मोबाइलच्या कव्हरचे चुंबकी झाकण, स्पीकर, पर्सचे बटण ही नेहमीची कारणे. दुरुस्ती करणाऱ्याकडे चुंबकत्व काढण्याचे छोटे यंत्र असते आणि काम काही सेकंदांचे आहे. असे घड्याळ घेऊन गेलेल्या एका स्नेह्याला पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च सांगण्यात आला होता. म्हणून आधी होकायंत्राजवळ घड्याळ धरून पाहावे. सुई हलली, तर पहिला संशय चुंबकावर घ्यावा.

त्यापेक्षा सोन्याचेच घड्याळ घेतले तर पैसा राहील ना?

राहील, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. घड्याळाचे सोने १८ कॅरेटचे, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध असते. आपल्या दागिन्यांचे २२ कॅरेट, म्हणजे ९१६ चे सोने रोजच्या ठोकरांना फार मऊ पडते. रोलेक्स डे-डेट १९५६ पासून फक्त सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये येते. अशा घड्याळाच्या किमतीतून त्यातल्या सोन्याची किंमत वजा करून पाहावी; उरलेली रक्कम पाहून सराफी घरातली वडीलधारी मंडळी हसतात, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. सोने साठवायचे असेल तर वेढणी घ्यावी. पिवळेपणाची आवड असेल तर पोलाद आणि सोने मिळून केलेला प्रकार पाहावा, ज्याचे नाव रोलेक्सने १९३३ मध्येच नोंदवून ठेवले आहे.

मग घड्याळाला मोड किती येते?

बहुतेक घड्याळांची किंमत पेढीच्या दाराबाहेर पडताच घटते. रोलेक्सच्या काही पोलादी घड्याळांना, पाटेक फिलिपच्या नॉटिलसला आणि ओडेमार पिगेच्या रॉयल ओकला छापील किमतीपेक्षा जास्त भाव येतो, हे खरे आहे. पण २०२२ च्या सुरुवातीला आकाशाला भिडलेले हेच भाव नंतर बरेच खाली आले आणि उंचीवर घेतलेल्यांचे हात पोळले. शिवाय सोन्यासारखा रोजचा फलकावरचा भाव इथे नाही. विकायचे तर गिऱ्हाईक शोधावे लागते, आणि ते बहुधा मुंबईत असते. मोडीचा विचार करून आवडत नसलेले घड्याळ घेऊ नये.

खरेदी कुठे आणि कशी करावी?

या कंपन्यांच्या बहुतेक अधिकृत पेढ्या मोठ्या शहरांत आहेत. जळगावकराला मुंबई-पुणे आणि नंदुरबारकराला सुरत सोयीचे. पहिल्या फेरीत खरेदी करू नये, फक्त घालून पाहावे. हंगामाची रोख हाताशी असली, तरी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम विक्रेत्याला रोखीने घेता येत नाही, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो विवरणपत्रात आपल्या खात्यावर जमा धरला जातो, त्यामुळे पावती जपावी. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू असून स्विस घड्याळांवरील आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. तेवढ्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे असे मला वाटत नाही, कारण शुल्क उतरते तेव्हा कंपन्या भाव चढवत नाहीत असे नाही.

वापरलेले घड्याळ घेताना काय पाहावे?

विकणारा माणूस आधी पाहावा. मग डबा, वॉरंटी कार्ड आणि त्यावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते. बाहेरून अस्सल आणि आत निरनिराळ्या घड्याळांचे भाग असलेली जोडकामे बाजारात भरपूर आहेत, म्हणून झाकण उघडून दाखवायला नकार मिळाला तर उठून यावे. फार चकाकणाऱ्या जुन्या घड्याळापासून सावध राहावे. आपल्या सराफी डोळ्याला चकाकी आवडते, पण पॉलिश करताना धातू झिजतो, धारदार कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत; ओरखडे असलेले, न घासलेले घड्याळ जाणकार जास्त पैसे देऊन घेतात.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी, आणि गावातल्या घड्याळजीकडे चालेल का?

रोलेक्स साधारण दहा वर्षे सांगते, ओमेगा पाच ते आठ, ग्रँड सेइको तीन-चार. पट्टा बदलणे, चेनच्या कड्या काढणे, चाल यंत्रावर मोजून घेणे ही कामे कुशल घड्याळजी उत्तम करतो. महागड्या घड्याळाचे यंत्र उघडण्याचे काम मात्र कंपनीच्या केंद्रातच द्यावे, कारण तिथले सुटे भाग बाहेर मिळत नाहीत. घड्याळ काही आठवडे, कधी महिने घरी नसते, हे धरून चालावे आणि लग्नसराईच्या तोंडावर ते पाठवू नये.

घरात वडिलांचे जुने एचएमटी किंवा फेवर ल्यूबा आहे. ते देऊन टाकून नव्यात भर घालावी का?

त्यातून भर अशी फारशी पडणार नाही. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. जनता आणि पायलट ही चावीची घड्याळे आजही थोड्या पैशांत मिळतात, म्हणजेच तुमच्याकडच्या घड्याळाचेही थोडेच पैसे येतील. फेवर ल्यूबाच्या सी किंग, सी चीफ या घड्याळांचेही बव्हंशी तसेच. ती गावातल्या घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्यावीत आणि आठवड्यातून एकदा घालावीत. एकच गोष्ट बजावून सांगावी : तबकडीला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांच्या जनताची पिवळी पडलेली तबकडी एका दुरुस्ती करणाऱ्याने न विचारता, मला बरे वाटावे म्हणून, नवीकोरी पांढरी रंगवून दिली. घड्याळ आता अगदी वेळेवर चालते, पण ते घातल्यावर मला दर वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांचे घड्याळ घातल्यासारखे वाटते.